झाडं लावलीत, त्यांच्या सावलीचं काय?

३१ मेला अहिल्यादेवींची जयंती, ५ जूनला पर्यावरण दिन. या आठवड्यातल्या वृक्षारोपणाच्या बातम्या आणि फोटो वाचकांनी पाहिलेच आहेत. मला लिहायचं आहे ते आपल्या आजोबांनी लावलेल्या झाडांखालच्या जागेबद्दल. कर्जत तालुक्यातल्या आपल्या मिरजगावात जुन्या घरांच्या अंगणात कडुलिंब असतो, कुठे चिंच, कुठे वड. त्यांच्या बुडाशी मात्र रोज झाडून लख्ख केलेली, दगडासारखी आवळलेली उघडी माती. नगर-सोलापूर रस्त्यावरच्या या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. अशा गावात सावली ही सगळ्यात मोलाची जमीन आहे, आणि आपण ती पडीक ठेवली आहे.

सावलीत लावायला काहीतरी द्या म्हटलं की रोपवाटिकेत नेचे, अँथुरियम, पीस लिली पुढे येतात. ती दमट हवेची झाडं. कोकणात सुखानं वाढतील, आपल्या तालुक्यात मार्च पाहणार नाहीत. हा पर्जन्यछायेचा मुलूख. वर्षाचा पाऊस जेमतेम ५००-६०० मिलिमीटर, आणि त्यातला भरवशाचा भाग सप्टेंबरात. जूनच्या हलक्या सरी झाडाच्या डेऱ्यावरच अडतात. जमिनीत उतरलेलं थोडं पाणी झाडाची मुळं पिऊन टाकतात. म्हणजे आपल्याकडे सावलीतलं झाड उजेडावाचून कमी आणि पाण्यावाचून जास्त मरतं. ‘सावलीत चालेल का?’ याच्या आधी ‘कोरड्या सावलीत चालेल का?’ हे विचारलं पाहिजे.

सावली वर्षभर एका जागी थांबत नाही, हेही कोणी सांगत नाही. मेच्या मध्याला ‘शून्य सावली दिवसा’ची बातमी दरवर्षी छापून येते. आपण काठी उभी करून गंमत बघतो आणि विसरतो. बागेसाठी ती बातमी फार कामाची आहे. मिरजगाव साधारण पावणेएकोणीस अंश अक्षांशावर आहे. १५ मेच्या सुमारास सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो आणि त्यानंतर जुलैअखेरपर्यंत भर दुपारी तो उत्तरेकडे कललेला असतो. घराच्या उत्तरेची जी भिंत हिवाळाभर गार सावलीत होती, तिच्या पायथ्याला नेमकं मेअखेरीचं ऊन लागतं. डिसेंबरात जागा पाहून लावलेली नाजूक रोपं तिथे करपतात ती यामुळे. गुलमोहराखालीही तेच. फेब्रुवारी ते एप्रिल तो जवळजवळ निष्पर्ण असतो, म्हणजे सावली हवी तेव्हाच नसते. कडुलिंब त्या मानाने भला. पानगळ झाली तरी पाडव्यापर्यंत कोवळी पालवी आलेली असते.

या कोरड्या, फसव्या सावलीसाठी मला एकच झुडूप निवडायला सांगितलं तर मी अडुळसा निवडेन. बांधाला, पडक्या भिंतीच्या कडेला तो असतो म्हणून त्याला कोणी बागेत घेत नाही, आणि हा त्याच्यावर अन्याय आहे. पुरुषभर उंचीचं, बारमाही हिरवं, रुंद पानांचं हे झुडूप हिवाळ्यात पांढरं फुलतं. फुलाच्या खालच्या ओठावर जांभळ्या रेषा असतात. सावलीत फुलं कमी येतात, पण पानं अधिक मोठी होतात. सर्वांत मोठा गुण म्हणजे शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. धनगरांचे वाडे जिथून जातात त्या भागात हा गुण केवढा मोठा आहे, हे कुंपण घालून थकलेल्यांना विचारा. तो कडूपणा ज्या द्रव्यांमुळे येतो त्यातलं एक व्हॅसिसीन. त्याच्याच रचनेवरून ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं, जे आज खोकल्याच्या कित्येक बाटल्यांत असतं. काढा मात्र वैद्यांना विचारूनच घ्यावा, आणि गरोदरपणी तर घेऊच नये.

अडुळशापुढे पूर्वेच्या बाजूला, जिथे सकाळचं कोवळं ऊन मिळतं, तिथे अबोली लावा. मावळतीचं ऊन तिला सोसत नाही. फुललेले तुरे वेळेवर खुडले तर ती वर्षातला बराच काळ फुलते. खुडायचे राहिले तर वाळक्या बोंडांना पाणी लागताच ती तडकतात आणि बी दूर उडतं. मुलांना हे जरूर दाखवा. तगर आणि कुंतीही याच बाजूच्या. अगदी कोरड्या कोपऱ्यात शतावरी टिकते, कारण तिच्या गड्ड्यांत पाणी साठलेलं असतं. मोरीचं पाणी जिथे जातं तिथे कर्दळ आणि अळू, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतंच. सांडपाणी शुद्ध करण्याच्या वाफ्यांतही कर्दळ वापरतात.

लावताना पहार चालवू नका. मोठ्या झाडाची वरची मुळं तुटली की नुकसान त्याचं होतं. खुरप्याने मुळांच्या मधली जागा शोधायची, लहान पिशवीतलं रोप लावायचं, आणि पहिले दोन उन्हाळे शेजारी मडकं पुरून पाणी द्यायचं. खोडाला माती चढवायची नाही. पाराला खोडापर्यंत फरशी ठोकण्याची जी नवी हौस आली आहे, ती वडा-पिंपळांचा श्वास कोंडते. ग्रामपंचायतींनी ती थांबवलीच पाहिजे.

आणि पाला जाळू नका. सकाळी अंगण झाडून तो पेटवायची सवय इतकी अंगवळणी पडली आहे की त्यात चूक आहे असं वाटतच नाही. तोच पाला चार बोटं जाडीने झाडाखाली पसरला, खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवली, तर ओल टिकते, माती पोकळ होते आणि नव्या रोपाला दिलेलं पाणी दुपारपर्यंत उडून जात नाही.

चांगला पाऊस झाला की अडुळशाची छाटणी करतात. तीन-चार डोळ्यांच्या, वीतभर लांबीच्या कांड्या ओल्या मातीत खोचल्या की फुटतात. विकत काही घ्यावं लागत नाही. ज्यांच्या बांधाला अडुळसा आहे त्यांच्याकडे या पावसात चार फांद्या मागा.