माकड खोकला लपवते तेव्हा

हथखोज औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांना सुट्टी असली की भिलाईतली पुष्कळ कुटुंबे मैत्री बागेची वाट धरतात. भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून १९७२ साली भिलाई पोलाद कारखान्याने वसवलेल्या या बागेचे नाव झाले ते पांढऱ्या वाघांमुळे. पण प्राणिसंग्रहालय कुठलेही असो, पोरे रेंगाळतात ती माकडांपाशी. बाबा पोराला उचलून बाहेरच्या कठड्यावर बसवतो, पोरगे जाळीकडे झुकते आणि नेमके तेव्हाच शिंकते. सगळे हसतात, माकडही दचकून पाहते. ही शिंक पुढे कुठे जाते, ते आपण सावकाश पाहू.

शिंकेतून थेंब उडतात. काही जाळीवर बसतात, काही शेंगदाण्यांच्या पुडीवर, काही अर्धवट खाऊन आत टाकलेल्या पेरूवर. त्यांत न्यूमोकॉकस असू शकतो. न्यूमोनियाचा हा जुना जंतू धडधाकट माणसांच्या, विशेषतः लहान मुलांच्या, नाकाघशात गुपचूप राहतो. पोराला त्याचा पत्ताही नसतो. जाळीपलीकडचे लाल तोंडाचे रीसस माकड शरीराने आपल्या इतके जवळचे की या जंतूला तिथे फारसे परके वाटत नाही. मराठी माणूस लाल तोंडाचे ते माकड आणि काळ्या तोंडाचे ते वानर असा भेद करतो. तो लक्षात ठेवा, पुढे औषधाच्या वेळी कामाला येईल.

जंतू नाकात शिरला म्हणजे आजार झाला, असे नाही. श्वासनळीच्या आतल्या बाजूला चिकट थर असतो आणि त्याखाली डोळ्यांना न दिसणारे बारीक केस. हे केस एका लयीत हलतात आणि धूळ, जंतू अडकलेला तो चिकटा घशाकडे ढकलत राहतात. हथखोजमधल्या कामगाराला हे चटकन समजेल: हा कन्व्हेयर पट्टाच आहे. तो चालू आहे तोवर फुफ्फुसे स्वच्छ.

पट्टा बंद पाडणाऱ्या गोष्टी पिंजऱ्यात बऱ्याच असतात. लादी वेळेवर धुतली नाही की मुताचा उग्र अमोनिया साचतो आणि केसांना इजा करतो. थंडीच्या रात्री निवाऱ्यात वाऱ्याचा झोत येतो. त्याहून वाईट म्हणजे मनावरचा ताण. नवा पिंजरा, लांबचा प्रवास, टोळीतून तुटणे, दांडग्या नराचा जाच, यांनी अंगातली प्रतिकारशक्तीच खचते. पोलिओच्या लसीसाठी १९५० च्या दशकात भारतातून हजारो रीसस माकडे परदेशी पाठवली जात. दाटीवाटीच्या खोक्यांतल्या त्या प्रवासात न्यूमोनिया आणि जुलाब सोबतीला असायचेच. ही निर्यात भारताने १९७८ साली बंद केली.

पट्टा ढिला पडला की जंतू आपापल्या रीतीने घुसतात. बोर्डेटेला हा डांग्या खोकल्याच्या जंतूच्या कुळातलाच. तो थेट त्या केसांनाच चिकटतो आणि त्यांची हालचाल थांबवतो. कुत्र्यांमध्ये तो सर्रास आढळतो, म्हणून माकडांच्या पिंजऱ्याभोवती भटकी कुत्री नकोत. क्लेबसिएला अंगावर जाड, बुळबुळीत आवरण घेऊन येतो, त्यामुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या हाती तो लागत नाही. न्यूमोकॉकसलाही असेच आवरण असते. तो फुफ्फुसांवर थांबला नाही तर रक्तातून मेंदूच्या आवरणापर्यंत जातो. बऱ्याचदा आधी साधा सर्दीचा विषाणू येऊन वाट मोकळी करतो आणि जंतू मागून शिरतो. आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलात १९९९ ते २००६ या काळातल्या साथींत चिंपांझी दगावले. त्यांच्या ऊतींत माणसांचे श्वसनविषाणू सापडले, जोडीला न्यूमोकॉकसही. तिथले अभ्यासक आता तोंडाला मास्क लावूनच आणि निदान सात मीटर अंतर राखून निरीक्षण करतात.

खरी अडचण यापुढे आहे. माकड आजार लपवते. टोळीत अशक्त दिसला त्याची जागा गेली, हे त्याला उपजतच ठाऊक असते. माणूस जवळ आला की ते ताठ बसते, केळेही घेते. म्हणून जाणता कीपर सकाळी आधी लांबच थांबतो. खाणे घेऊन जाण्यापूर्वी घड्याळ पाहतो आणि एकेका माकडाच्या बरगड्यांची उघडझाप अर्धा मिनिट मोजून दुप्पट करतो. शांत बसलेले रीसस मिनिटाला साधारण ३० ते ५० वेळा श्वास घेते. आकडा वर गेला, श्वासाबरोबर पोट आत ओढले जाऊ लागले, नाकपुड्या फुलल्या की नोंदवहीत खूण होते. पाठीला कुबड काढून बसणे, विस्कटलेले केस, नाकाखाली वाळलेली रेघ, दुसऱ्या माकडाच्या उवा काढायचे सोडून एकटे कोपऱ्यात राहणे, या आणखी खुणा. खोकला ऐकू येईपर्यंत दुखणे बहुधा बरेच पुढे गेलेले असते.

मग पशुवैद्य येतो. सरकत्या भिंतीच्या पिंजऱ्यात मागची भिंत हळूहळू पुढे ओढतात, माकड जाळीशी येते आणि मांडीत भुलीच्या केटामिनचे इंजेक्शन देता येते. काही मिनिटांत ते शांत झाले की छातीला स्टेथोस्कोप लावतात, एक्स-रे काढतात आणि नाकाघशातला स्राव कापसाच्या काडीवर घेऊन प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे जंतू वाढवून त्यावर कोणते प्रतिजैविक चालते ते पाहतात. ही तपासणी टाळून चालत नाही, कारण न्यूमोकॉकसवर बहुधा पेनिसिलिनच्या कुळातली औषधे चालतात, तर क्लेबसिएला त्याच कुळातल्या अँपिसिलिनला मुळातच दाद देत नाही.

औषध देणे हीही एक कला. केळ्यात गोळी लपवली की लाल तोंडाचे माकड केळे गालातल्या पिशवीत ठेवते, निवांत चघळते आणि गोळी तेवढी थुंकून टाकते. वानराला गालाची पिशवी नसते, पण तिथे वेगळाच धोका. त्याचे पोट पाने आंबवून पचवणारे, म्हणजे त्याचे जेवण जंतूच शिजवतात. तोंडावाटे दिलेले प्रतिजैविक या कामाच्या जंतूंनाही मारते आणि छाती बरी होता होता पोट बिघडते. म्हणून वानराला शक्यतो इंजेक्शन बरे. आजाऱ्याला वेगळे, उबेत ठेवायचे, पण जमल्यास टोळीचा आवाज कानावर पडेल अशा बेताने.

या सगळ्यांत क्षयाची गोष्ट निराळी. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली ओळख पटवलेला हा जंतू रीसस माकडात झपाट्याने पसरतो आणि कित्येकदा बाहेर काहीच दिसत नाही. त्याची चाचणी मात्र कल्पक आहे: वरच्या पापणीच्या कातडीत ०.१ मिली ट्युबरक्युलिन, म्हणजे क्षयजंतूंपासून काढलेला अर्क, टोचतात. पापणीच का? कारण माकडाला पुन्हा न पकडता, दुरूनच दोन्ही डोळ्यांची तुलना करता येते. २४, ४८ आणि ७२ तासांनी पाहायचे. पापणी सुजून खाली ओघळली तर संशय बळकट. एका चाचणीवर निश्चिंत होता येत नाही. नुकताच गोवर झालेल्या माकडात क्षय असूनही पापणी सुजत नाही, म्हणून निदान दोन आठवड्यांच्या अंतराने चाचणी पुन्हा करतात.

त्यामुळे सगळा भर आधीच्या खबरदारीवर. नव्या प्राण्याला निदान ३० दिवस वेगळे ठेवावे, असा केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाचा दंडक आहे. विष्ठा आधी कोरडीच खरवडून उचलायची. थेट जोराच्या पाण्याने मारली तर जंतूंचे तुषार हवेत उडतात. कीपरच्या छातीची तपासणी नियमित व्हावी, कारण क्षय माणसाकडून माकडाकडे जातो तसा उलटही येतो. आणि सर्दी झालेल्या कीपरने त्या दिवशी माकडांकडे जाऊ नये. या नियमाला पैसा लागत नाही, बदली माणूस लागतो.

आता त्या कठड्याकडे वळू. पिंजऱ्यापासून थोडा अलीकडे बांधलेला, पोराला बसवायला सोयीचा. माकडाने चावू नये, ओरबाडू नये म्हणून तो आहे, असे आपण धरून चालतो. ते खरेच आहे. पण त्या कठड्याने राखलेले अंतर शिंकेतल्या मोठ्या थेंबांसाठीही आहे. पोराला खाली उतरवून अलीकडे उभे केले, तर त्याला माकड तेवढेच छान दिसते.