आधारपेशींची कॅल्शियम-भाषा आणि स्पर्श

मेंदूतील चेतापेशींच्या दरम्यान असणाऱ्या भागाला जर्मन वैद्य रुडॉल्फ विर्शो यांनी १८५६ मध्ये ‘न्यूरोग्लिया’, म्हणजे चेतांचा गोंद, असे नाव दिले. त्यामुळे तेथील आधारपेशींचे काम केवळ टेकू देण्याचे, ही समजूत दीर्घकाळ टिकली. चेतापेशींसारखे विद्युत्-स्पंद या पेशी पाठवीत नाहीत. त्यांचे संदेश कॅल्शियमचे असतात, हे चमकणाऱ्या रंजकद्रव्यांच्या साहाय्याने स्पष्ट झाले.

विश्रांत पेशीच्या आत मुक्त कॅल्शियमचे प्रमाण बाहेरच्या सुमारे दहा-हजारांश असते. म्हणून बाहेरून थोडे कॅल्शियम आत शिरले किंवा पेशीतील साठ्यातून सुटले, तरी तो ठळक संदेश ठरतो.

अँड्र्यू चार्ल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रयोगशाळेत वाढविलेल्या आधारपेशींपैकी एकीला अतिसूक्ष्म काचनळीच्या टोकाने हलकेच दाबले. तिच्यातील कॅल्शियम वाढले आणि लाटेप्रमाणे शेजारच्या पेशींत पसरत गेले. अशा लाटेचा वेग सेकंदाला साधारण १० ते २० मायक्रोमीटर असतो. वेगवान चेतातंतूंत तो सेकंदाला १०० मीटरपर्यंत जातो. पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म मार्गांतून जाणारे रेणू आणि बाहेर सोडले जाणारे एटीपी, या दोहोंमुळे ही लाट पुढे सरकते.

मात्र पेशीला दाबणे आणि त्वचेला स्पर्श होणे, यांत भेद केला पाहिजे. २००६ मध्ये जिवंत उंदरांच्या मिशा हलविल्या असता मेंदूतील संबंधित भागात, तारकापेशी नावाच्या आधारपेशींत, कॅल्शियम वाढलेले आढळले. तेथे पेशीला कोणीही दाबले नव्हते. चेतापेशींनी सोडलेल्या ग्लुटामेटसारख्या रसायनांद्वारे स्पर्शाची वार्ता तिच्यापर्यंत पोहोचली होती. सावधपणाच्या वेळी स्रवणारे नॉरअॅड्रेनॅलिनही हा प्रतिसाद वाढविते, असे पुढील संशोधनातून दिसून आले.

प्रत्यक्ष दाब ओळखणारी ‘पिएझो’ प्रथिने आर्डेम पटापुटियन यांच्या प्रयोगशाळेने २०१० मध्ये शोधली. त्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. यांपैकी ‘पिएझो-१’ तारकापेशींतही आहे. ताण पडताच हे दार उघडते व कॅल्शियम आत येते.

डोक्याला मार बसतो तेव्हा मेंदूची ऊतीच ताणली जाते आणि हा दुसरा, प्रत्यक्ष मार्ग महत्त्वाचा ठरतो. इजेनंतर तारकापेशी फुगतात व व्रणाभोवती कुंपण घालतात. ते बचावाचे असते, पण चेतातंतूंच्या पुनर्वाढीला अडथळाही होऊ शकते. म्हणून उपचार शोधताना कॅल्शियम वाढले एवढे पाहणे पुरेसे नाही. ते कोणत्या दाराने आले, हे आधी ठरवावे लागते.