पराभव आणि प्रशिक्षक

संघ हरूं लागला कीं पहिली मागणी होते ती प्रशिक्षकाला काढण्याची. नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर रणजी सामना पाहावयास जमणारे रसिक असोत, कीं घरबसल्या धांवसंख्या ऐकणारे असोत. या विषयावर ज्याला मत नाहीं असा क्रीडाप्रेमी विरळाच. मत असणें गैर नव्हे. परंतु तें कोणत्या कसोटीवर घासून घ्यावें, याचा विचार क्वचितच होतो.

निकालावरून माणसाची किंमत किती झपाट्यानें बदलते, याचें उदाहरण महाराष्ट्राला परिचित आहे. अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखालीं १९७१ सालीं भारतानें वेस्ट इंडीज व इंग्लंड या दोन्ही देशांत प्रथमच मालिका जिंकल्या. इंदूरला त्या विजयाचें स्मारक म्हणून भली मोठी बॅट उभारण्यांत आली. १९७४ सालीं इंग्लंडांत तिन्ही कसोटी सामने गेले, लॉर्ड्सवर एक डाव अवघ्या ४२ धांवांत आटोपला, आणि त्याच बॅटीला लोकांनीं काळें फांसलें. वाडेकर पश्चिम विभागाच्या संघांतूनही वगळले गेले व त्यांनीं खेळ सोडला. पतौडींकडे पुन्हां नेतृत्व आलें. तरी वेस्ट इंडीजविरुद्धची पुढील मालिका ३-२ अशी हातची गेलीच.

हॉलंडमधील १९८६ ते २००४ या काळांतील फुटबॉलचा अभ्यास याच दिशेनें बोट दाखवितो. प्रशिक्षक काढल्यावर संघ सावरले खरे. पण तितक्याच घसरणींत सांपडून ज्यांनीं प्रशिक्षक कायम ठेवला, तेही तसेच सावरले. कारण उघड आहे. ओळीनें आलेल्या पराभवांत दोषाबरोबर दैवाचाही वांटा असतो, आणि दैव फार काळ एकाच बाजूला राहत नाहीं. मात्र त्याचें श्रेय नव्या माणसाच्या पदरांत पडतें.

मग प्रशिक्षकाची परीक्षा कशी करावी? मुंबईचे अमोल मुझुमदार यांचा अनुभव येथें बोधप्रद आहे. प्रथम श्रेणींत अकरा हजारांहून अधिक धांवा करूनही त्यांना भारताकडून खेळण्याची संधि मिळाली नाहीं. ऑक्टोबर २०२३ मध्यें ते भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक झाले. २०२४ च्या वीस षटकांच्या विश्वचषकांत संघ साखळींतच बाद झाला. २०२५ च्या एकदिवसीय विश्वचषकांत ओळीनें तीन सामने गेले. तिसरा इंदूरलाच, केवळ चार धांवांनीं. टीकेचा भडिमार झाला. त्या सामन्यांत जादा गोलंदाजासाठीं जेमिमा रॉड्रिग्जला वगळलें होतें. पुढच्याच सामन्यांत तिला परत घेऊन तिसऱ्या क्रमांकावर पाठविण्यांत आलें. तिनें न्यूझीलंडविरुद्ध नाबाद ७६ आणि उपांत्य सामन्यांत ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धांवा केल्या. २ नोव्हेंबर २०२५ रोजीं नवी मुंबईंत भारतानें विश्वचषक जिंकला.

यावरून प्रशिक्षकाला कधींच बदलूं नये, असें मात्र ठरत नाहीं. तीच चूक वारंवार होत असेल, खेळाडूंची प्रगति खुंटली असेल, त्यांचा त्याच्यावरील विश्वास उडाला असेल, तर जिंकणाऱ्या संघाचाही प्रशिक्षक बदलणें योग्य. या तीन गोष्टी शाबूत असतील, तर हरणाऱ्या संघालाही वेळ देणें हेंच शहाणपणाचें. धांवफलक सामन्याचा निकाल सांगतो. शिकविणाऱ्याची पारख करावयास त्यापलीकडे पाहावें लागतें.