आकाशवाणीचा खर्च कोण देतं आणि कारभार कोण पाहतं?



आज आपल्याला दोन साध्या प्रश्नांची उत्तरं शोधायची आहेत. आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवायला पैसे कोण देतं? आणि तिथली माणसं कोण नेमतं? हे प्रश्न दिल्लीचे वाटतात खरे, पण रत्नागिरीत त्यांचं महत्त्व जरा जास्तच आहे. आपल्याकडे १९७७ साली आकाशवाणीचं केंद्र सुरू झालं आणि ११४३ किलोहर्ट्झवर दक्षिण कोकणातल्या वाड्यावाड्यांतून ते ऐकलं गेलं. हे केंद्र किती माणसांवर चालायचं, त्यावर स्थानिक कार्यक्रम किती तास व्हायचे, हे रत्नागिरीत ठरत नाही. ते कुठे आणि कसं ठरतं, एवढंच आज समजून घेऊ.

आधी थोडा इतिहास

आपल्या देशात नियमित रेडिओ सरकारने सुरू केला नाही, एका खासगी कंपनीने केला. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं. कंपनीचं उत्पन्न कशावर? ज्याच्या घरी रेडिओ असेल त्याने वर्षाला दहा रुपये परवाना शुल्क भरायचं, त्यातले ऐंशी टक्के कंपनीला. शिवाय आयात होणाऱ्या यंत्रांवरचा थोडा वाटा. हिशेब कागदावर बरा होता. पण रेडिओ महाग, घेणारे थोडे, आणि परवाना न काढता ऐकणारेही होतेच. तीन वर्षांच्या आत कंपनी बुडाली. १ एप्रिल १९३० पासून सरकारने कारभार हाती घेतला आणि १९३६ मध्ये त्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळालं. म्हणजे प्रसारण सरकारकडे गेलं ते काही मोठ्या धोरणामुळे नाही, धंदा बसला म्हणून. मात्र एकदा हातात आलेली गोष्ट सरकारने पुढे सोडली नाही.

परवान्याची पद्धत तशीच राहिली. तुमच्यापैकी ज्येष्ठांना ते पुस्तक आठवत असेल. दरवर्षी पोस्टात जायचं, पैसे भरायचे, पुस्तकात तिकीट लावून घ्यायचं. हे शुल्क ऐंशीच्या दशकाच्या मध्याला रद्द झालं. लोकांना बरं वाटलं, त्यात चूक काही नाही. पण त्याबरोबर एक धागा तुटला. ऐकणारा माणूस तोपर्यंत थेट पैसे देत होता. ते सरकारच्या तिजोरीत जात असले तरी 'हे रेडिओसाठी' असा त्यावर शिक्का होता. त्यानंतर श्रोता नुसता श्रोता उरला. जाहिराती तर आधीच आल्या होत्या. विविध भारतीवर १९६७ साली मुंबई, पुणे आणि नागपूरपासून त्यांची सुरुवात झाली, दूरदर्शनवर १९७६ मध्ये.

स्वायत्ततेची मागणी

आणीबाणीच्या काळात लोक आकाशवाणीला 'ऑल इंदिरा रेडिओ' म्हणू लागले, हे सर्वांना ठाऊक आहे. आणीबाणी उठल्यावर जनता सरकारने बी. जी. वर्गीस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने १९७८ मध्ये सांगितलं की प्रसारण एका स्वतंत्र राष्ट्रीय न्यासाकडे द्या. विधेयक आलं, पण सरकारच पडलं आणि ते बारगळलं. पुढे विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारच्या काळात, १९९० मध्ये, प्रसार भारती कायदा संमत झाला. आपल्या राजापूर मतदारसंघाचे खासदार मधु दंडवते तेव्हा देशाचे अर्थमंत्री होते.

कायदा झाला, पण सात वर्षं तो अंमलातच आला नाही. मधल्या काळात, फेब्रुवारी १९९५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाचा एक महत्त्वाचा निकाल आला. प्रकरण क्रिकेटच्या प्रक्षेपणाचं होतं. निकाल देणाऱ्या पीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, ती ना सरकारची मक्तेदारी ना खासगी कंपन्यांची, असं न्यायालयाने सांगितलं. अखेर २३ नोव्हेंबर १९९७ रोजी प्रसार भारती महामंडळ स्थापन झालं. आकाशवाणी आणि दूरदर्शन हे त्याचे दोन घटक.

पैसा येतो कुठून?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. कायद्याचं कलम १७ म्हणतं, संसदेच्या मंजुरीनंतर केंद्र सरकार महामंडळाला दरवर्षी दोन प्रकारचे पैसे देऊ शकेल. पहिला प्रकार, परवाना शुल्काचं उत्पन्न, 'असल्यास'. तो 'असल्यास' शब्द नीट ऐका. कायदा झाला तेव्हा ते शुल्क रद्द होऊन काही वर्षं उलटली होती. दुसरा प्रकार, सरकारला आवश्यक वाटेल तेवढी रक्कम, भांडवल, अनुदान किंवा कर्ज म्हणून. म्हणजे प्रत्यक्षात उरलं ते एवढंच: सरकारला वाटेल तेवढं.

आज हा पैसा साधारण तीन वाटांनी येतो.

एक, पगार. २०१२ मध्ये केंद्राने ठरवलं की कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा सगळा भार सरकार उचलेल. अर्थसंकल्पात दरवर्षी जे अनुदान दिसतं ते मुख्यतः हे. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात ते सुमारे २,८०० कोटी रुपये होतं. आकडा मोठा वाटतो, पण देशाच्या लोकसंख्येने भागून बघा. माणशी वर्षाला वीस रुपये पडतात.

दोन, रोजचा चालू खर्च. वीजबिल, कलाकारांचं मानधन, कार्यक्रमांचा खर्च. हा महामंडळाने स्वतःच्या कमाईतून भागवायचा. कमाई म्हणजे जाहिराती, सरकारी खात्यांच्या प्रचारमोहिमा, मनोऱ्यांचं भाडं. आणि मोठी बाब म्हणजे डीडी फ्री डिश. महिन्याची वर्गणी नसलेली ती छत्री. तिच्यावर जागा मिळावी म्हणून खासगी वाहिन्या लिलावात बोली लावतात आणि त्यातून दरवर्षी शेकडो कोटी रुपये येतात. २००७ च्या एका कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाचे क्रीडा सामनेही खासगी वाहिन्यांनी प्रसार भारतीला द्यावे लागतात. त्या जाहिरातींचं उत्पन्न दूरचित्रवाणीसाठी ७५:२५ आणि रेडिओसाठी ५०:५० असं वाटलं जातं. यातला मोठा वाटा हक्कधारक वाहिनीचा.

तीन, यंत्रसामग्री. नवे प्रक्षेपक, नवे स्टुडिओ. यासाठी वेगळी योजना असते. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीने २०२५-२६ पर्यंतसाठी २,५३९ कोटींची अशी योजना मंजूर केली.

या तीन वाटांचा परिणाम काय होतो बघा. पगार बांधलेला, यंत्रं योजनेतली. हात आखडता घ्यायची वेळ आली की कात्री लागते ती मधल्या वाटेला, म्हणजे कार्यक्रमाला. आंब्याच्या मोहोरावरचे तुडतुडे आणि भुरी यांवर दापोलीच्या कृषी विद्यापीठातले तज्ज्ञ बोलतात, त्या अर्ध्या तासाला मोठा जाहिरातदार मिळत नाही. मिरकरवाड्याच्या मच्छीमाराला समुद्राचा इशारा देणाऱ्या दोन मिनिटांना तर नाहीच नाही. जे कार्यक्रम बाजारात विकले जात नाहीत त्यांच्यासाठीच सार्वजनिक प्रसारण असतं, आणि नेमका त्यांचाच खर्च बाजारातून उभा करायचा, अशी ही रचना आहे.

कारभार कोण पाहतं?

महामंडळाचं एक मंडळ आहे. अध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी, वित्त आणि कर्मचारी विभागाचे दोन सदस्य, सहा अर्धवेळ सदस्य, आकाशवाणी आणि दूरदर्शनचे महासंचालक, माहिती व प्रसारण मंत्रालयाचा एक प्रतिनिधी आणि कर्मचाऱ्यांचे दोन प्रतिनिधी. मुख्य सदस्यांची नावं तीन जणांची समिती सुचवते: राज्यसभेचे सभापती, प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींनी नेमलेली एक व्यक्ती. हिशेब कॅग तपासतात. अमुक दाखवा, तमुक दाखवू नका, असा आदेश सरकारला द्यायचा असेल तर कलम २३ आहे. तो आदेश लेखी द्यावा आणि संसदेसमोर ठेवावा लागतो. कागदावर ही रचना वाईट नाही.

अडचण माणसांच्या बाबतीत आहे. जुने कर्मचारी सरकारी सेवक होते. महामंडळात गेलो तर निवृत्तिवेतनाचं काय, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. बरीच वर्षं त्यावर घोळ चालला. शेवटी कायदा दुरुस्त करून ठरलं की ५ ऑक्टोबर २००७ पूर्वी लागलेले सगळे निवृत्तीपर्यंत प्रतिनियुक्तीवर आहेत असं मानायचं. म्हणजे संस्था स्वायत्त, पण माणसं सरकारची. महामंडळाचं स्वतःचं भरती मंडळ स्थापन व्हायला २०२० साल उजाडलं. तोवर ठिकठिकाणची केंद्रं निवृत्त्यांनी रिकामी होत गेली, आणि आवाज चालू राहिला तो नैमित्तिक उद्घोषकांच्या जिवावर. महिन्याला मोजक्या ड्युट्या, तेवढ्याचंच मानधन.

वृत्तविभागाचं तर आणखी वेगळं. तिथले अधिकारी भारतीय माहिती सेवेचे, म्हणजे मंत्रालयाच्या संवर्गातले. जून २०२३ मध्ये पुण्याच्या प्रादेशिक वृत्तविभागाचं काम छत्रपती संभाजीनगरकडे सोपवण्याचा आदेश निघाला. कारण दिलं गेलं ते अधिकारी उपलब्ध नसल्याचं. पुण्यात ओरड झाली आणि आदेश स्थगित झाला. पुणे मोठं शहर, तिथल्या ओरडीची बातमी होते. लहान केंद्रांवरची जागा रिकामी राहिली तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

आणि सरकारला कलम २३ खाली लेखी आदेश काढायची गरज किती पडते? पगार मंत्रालयामार्फत येतो, अधिकाऱ्याची पुढची बदली मंत्रालयात ठरते. अशा ठिकाणी न सांगताच पुष्कळ गोष्टी कळतात. हे सगळ्या पक्षांच्या सरकारांना लागू आहे.

न बसलेल्या दोन खुर्च्या

१९९० च्या कायद्यात आणखी दोन तरतुदी आहेत. कलम १३ प्रमाणे संसदेच्या २२ सदस्यांची समिती, लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७. महामंडळ कायद्याप्रमाणे वागतं की नाही, हे तिने पाहायचं. कलम १४ प्रमाणे प्रसारण परिषद. श्रोत्यांच्या तक्रारी तिने ऐकायच्या. या दोन्ही आजवर स्थापन झालेल्या नाहीत. आमच्या मते साऱ्या विषयाचं मर्म इथे आहे. सरकारच्या पैशाने चाललेली संस्था स्वतंत्र राहूच शकत नाही असं नाही. पण त्यासाठी पैसे देणारा आणि जाब विचारणारा वेगवेगळे हवेत. आपल्याकडे जाब विचारणाऱ्याची जागा रिकामी ठेवली, आणि ती पैसे देणाऱ्याने आपोआप भरली.

इतर देशांत काय करतात? ब्रिटनमध्ये बीबीसीसाठी घरटी शुल्क आहे, २०२४ मध्ये वर्षाला १६९ पौंड ५० पेन्स. दर सरकारच ठरवतं, त्यामुळे तिथेही ओढाताण असते. जर्मनीत घरटी महिन्याला १८ युरो ३६ सेंट. तिथे किती पैसे लागतील ते एक स्वतंत्र आयोग तपासून सांगतो. एका राज्याने वाढ अडवली तेव्हा २०२१ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती लागू केली. अमेरिकेत उलटी गोष्ट घडली. १९६७ पासूनची केंद्रीय निधी देणारी संस्था, २०२५ मध्ये संसदेने पैसे काढून घेतल्यावर, गुंडाळायची वेळ आली. तिथे सर्वांत अडचणीत आली ती गावाकडची छोटी रेडिओ केंद्रं. घरटी शुल्क आपल्याकडे परत आणा, असं आम्ही म्हणत नाही. ते गरिबाला जड जाईल. पण काही वर्षांसाठी आधीच बांधून दिलेली रक्कम आणि ती सुचवणारी तटस्थ यंत्रणा, एवढं तर होऊ शकतं.

कोकणाला याचं काय?

कोणी म्हणेल, हातात मोबाईल असताना रेडिओ हवा कशाला? ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आठवा. दापोली, मंडणगडमध्ये वीज गेली, मोबाईलचे मनोरे बंद पडले, कित्येक गावं दिवसेंदिवस तुटली. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हाही तेच. अशा वेळी चालतो तो दोन सेलवरचा रेडिओ. त्यातही एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात. मधे डोंगर आला की पलीकडच्या खोऱ्यात ऐकू येत नाही. मध्यम लहरी जमिनीच्या कडेने आणि समुद्रावरून लांब जातात. सडे, खाड्या आणि होड्या असलेल्या आपल्या मुलखाला त्या सोयीच्या. पण मध्यम लहरींचा प्रक्षेपक वीज खूप खातो, त्याचे सुटे भाग मिळणं अवघड, म्हणून देशभर असे जुने प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद होत आहेत. हिशेबाच्या वहीत हा निर्णय बरोबर असेल. वादळाच्या दिवसाचा हिशेब मात्र त्या वहीत धरलेला नसतो. खासगी एफएमकडून तो भरून निघेल म्हणावं, तर त्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगीच नाही, फक्त आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात.

मग आपण काय करायचं? फार मोठं काही नको. प्रसार भारतीला माहितीचा अधिकार लागू आहे. आपल्या केंद्रात मंजूर पदं किती, भरलेली किती, स्थानिक कार्यक्रम दिवसाला किती तास, प्रक्षेपकाबद्दल काय ठरलंय, हे दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येतं. ते उत्तर घेऊन खासदारांकडे जाता येतं, आणि कलम १३ ची समिती अजून का नाही, हा प्रश्न लोकसभेत विचारा असं त्यांना सांगता येतं. परवान्याचं पुस्तक गेलं तरी माणशी वीस रुपये आपण भरतोच आहोत, त्यामुळे विचारायचा हक्क आपला आहे.

आता प्रश्न विचारा.