"फ्यूजन करता का?" : एका चुकलेल्या प्रश्नाची गोष्ट

पेटची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांची अडचण एकच असते : "विषय ठरलाय, पण संशोधन प्रश्न कसा काढायचा?" आज माझंच उदाहरण देतो, चुकीसकट.

विषय होता : जिवंत वाद्यं आणि इलेक्ट्रॉनिक आवाज एकत्र वाजवणारे स्वतंत्र वादक. ऐकल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय आलं? मुंबई-पुण्यातला छोटा मंच, लॅपटॉप आणि शेजारी सतार. माझाही आराखडा तसाच होता. मग एका लग्नसराईत परभणी जिल्ह्यातल्या देवगाव फाट्यावर गाडीची वाट बघत उभा होतो, तेव्हा समोरून वरात आली. पुढे बँजो पार्टी : बँजो, कीबोर्ड, ऑक्टापॅड, ढोल, ताशा, आणि मागे टेम्पोवर भोंगे. वाजवून झाल्यावर ऑक्टापॅडवाल्याला विचारलं, "तुम्ही फ्यूजन करता का?" तो म्हणाला, "नाही सर, आम्ही सुपाऱ्या करतो."

मी हसलो. घरी येऊन आराखडा काढला, तेव्हा लक्षात आलं की हसण्यासारखं काही नव्हतं. माझ्या विषयाच्या व्याख्येत हा माणूस शब्दशः बसत होता, पण माझ्या यादीत नव्हता. मी संगीत शोधत नव्हतो, ते लेबल लावलेले लोक शोधत होतो.

आता वाद्यं समजून घेऊ. आपल्याकडे ज्याला बँजो म्हणतात तो अमेरिकन बँजो नव्हे. तो बुलबुल तरंग. 1912 साली जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी ताइशोगोतो नावाचं वाद्य बनवलं, त्याचा हा वंशज. टाइपरायटरसारखी बटणं दाबायची आणि दुसऱ्या हाताने तारा छेडायच्या. मूळ आवाज नाजूक; वरातीत कोणाला ऐकू जाणार? म्हणून तारांखाली पिकअप बसवतात. पिकअप म्हणजे चुंबक आणि तारेचं वेटोळं. लोखंडी तार थरथरली की वेटोळ्यात विजेचा सूक्ष्म प्रवाह तयार होतो, तो अ‍ॅम्प्लिफायर मोठा करतो. मध्ये एको जोडला की वरातीतला तो ओळखीचा, घुमणारा सूर तयार.

ऑक्टापॅडचं उलटं आहे. रबरी पॅडवर काठी पडते, खालचा सेन्सर फटक्याचा जोर मोजतो आणि यंत्रात साठवलेला आवाज वाजवतो. फटका आत्ताचा, आवाज आधीचा.

म्हणजे "जिवंत" आणि "इलेक्ट्रॉनिक" अशा दोन पेट्या करून भागत नाही. त्यापेक्षा तीन प्रश्न विचारा. आवाज कुठे जन्मतो? वाटेत तो कुठे बदलतो? आणि कधी वाजायचं, हे त्या क्षणी कोण ठरवतं? बँजोत आवाज तारेत जन्मतो आणि विजेत बदलतो. ऑक्टापॅडमध्ये तो यंत्रातून येतो, पण वेळ माणूस ठरवतो.

हीच फूटपट्टी दुसऱ्या उदाहरणाला लावून बघा. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये दहा रागांची एक तबकडी काढली. रागाची सुरावट सिंथेसायझरवर हाताने वाजवलेली. खाली रोलंड कंपनीच्या टीबी-303 आणि टीआर-808 या यंत्रांवर आधी बसवून ठेवलेला बेस आणि ठेका. इथे आवाज सगळाच विजेचा. पण सुरांचा निर्णय हाताचा आणि ठेक्याचा निर्णय यंत्राचा. तेव्हा तबकडीकडे फारसं कोणी बघितलं नाही. 2010 मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभरचे लोक म्हणू लागले, हे तर अ‍ॅसिड हाउसच्याही आधीचं! तबकडीतला एक सूरही बदलला नव्हता, बदललं ते तिला दिलेलं नाव.

खरी गोम इथे आहे. तबकडी होती म्हणून 28 वर्षांनी तरी न्याय मिळाला. वरातीतल्या वादनाची तबकडी नसते. असलंच तर कुणाच्या तरी मोबाइलमधलं चित्रीकरण, त्यातही नवरदेव दिसतो, वादक नाही. शिवाय मराठवाड्यात हलगी, सनई, बँड हे व्यवसाय जातीशी जोडलेले राहिले. त्यामुळे एकाला "प्रयोगशील कलाकार" आणि दुसऱ्याला "वाजवणारा" म्हणताना आपण फक्त संगीताचं वर्गीकरण करत नसतो. प्रबंधात ज्याचं नाव येत नाही, तो पुढच्या संशोधकालाही सापडत नाही.

मग माझा प्रश्न कसा बदलला? आधी : "स्वतंत्र वादक फ्यूजन कसे करतात?" आता : "बँजो पार्टीत कोणता आवाज हाताने वाजवायचा आणि कोणता यंत्रावर सोडायचा, हे कोण, कशावरून ठरवतं?" यात पैसा येतो, माणसं किती न्यायची ते येतं, डीजेशी स्पर्धा येते आणि रात्री 10 नंतर भोंगे बंद ठेवायचा नियमही येतो. मुख्य म्हणजे हा प्रश्न वादकाला कळतो. त्यावर त्याच्याकडे सांगण्यासारखं खूप असतं.

क्षेत्रकार्याला जाताना तीन गोष्टी पाळा. लग्नसराईत वादनाचं निरीक्षण करा, पण मुलाखत सुपाऱ्या नसतील तेव्हाच घ्या. त्यांचा बुडालेला दिवस तुमच्या प्रबंधात भरून निघत नाही. रेकॉर्डिंगआधी परवानगी घ्या आणि नाव छापायचं की नाही, हे त्यांनाच ठरवू द्या. आणि त्यांचे शब्द तसेच लिहून घ्या. "सुपारी" हा शब्द मी वहीत "कार्यक्रम" असा सुधारून लिहिला असता, तर माझा प्रश्न आजही चुकलेलाच राहिला असता.

आता तुमचा आराखडा उघडा. त्यातला मुख्य शब्द ज्यांच्याबद्दल आहे, ते लोक स्वतः तो वापरतात का? नसतील, तर सुरुवात तिथून करा.