ध्वनी-अतिसंवेदनशीलता आणि संगणकाच्या साहाय्याने प्रशिक्षण

नाशिकचा ढोल महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे आणि गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळातील घंटा वसईच्या विजयाची (१७३९) आठवण म्हणून पाहुण्यांस आवर्जून दाखविली जाते. मोठ्या आवाजाच्या माणसास त्या घंटेचेच नाव देण्याचा येथे प्रघात आहे. आवाजाचे असे कौतुक असलेल्या नगरात काही बालके मात्र अशीही असतात की, कुकरची शिट्टी किंवा मिक्सरची घरघर कानी पडताच ती कान झाकून घेतात, आक्रोश करतात अथवा घर सोडून पळू पाहतात. अशा बालकांस संगणकाच्या साहाय्याने काही शिकविता येईल काय, आणि येत असल्यास त्याचा पुरावा कोणत्या प्रतीचा असावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विकार नवा नव्हे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये स्वमग्न बालकांचे जे वर्णन केले, त्यातच मोठ्या आवाजांच्या भयाची नोंद आहे. पुढे २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेने आपल्या रोगनिदान-संहितेत संवेदनांना मिळणाऱ्या अतिरिक्त अथवा अपुऱ्या प्रतिसादास स्वमग्नतेच्या लक्षणांत स्थान दिले. तथापि असे बालक आपल्याहून अधिक बारीक ऐकते, ही समजूत बहुधा चुकीची असते. श्रवणचाचणीत त्याची श्रवणसीमा पुष्कळदा इतरांसारखीच आढळते. फरक पडतो तो पुढे. आवाज पुनःपुन्हा आला की मेंदूने त्याची दखल कमी कमी घ्यावी, हा सामान्य क्रम होय. यास आपण अभ्यस्तता म्हणू. शूलामाइट ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मेंदूच्या चुंबकीय प्रतिमांच्या आधारे दाखविले की, अतिसंवेदनशील स्वमग्न मुलांत भयाशी निगडित असलेल्या मेंदूभागाची ही अभ्यस्तता मंदावलेली असते. म्हणजे दहाव्या वेळची शिट्टीही त्यांस जवळजवळ पहिल्या शिट्टीसारखीच भासते.

मग पालक स्वाभाविकपणेच आवाज टाळू लागतात. कानांत बोळे घालणे, ध्वनिरोधक कर्णावरण लावणे, सणावारी गाव सोडणे हे उपाय तात्कालिक सुटका करतात यात संशय नाही. पण त्यांस एक दुसरी बाजू आहे. क्रेग फॉर्मबी यांच्या २००३ च्या प्रयोगात सामान्य श्रवणशक्तीच्या व्यक्तींनी दोन आठवडे कर्णरोधक वापरले, तेव्हा त्यांना आवाज पूर्वीपेक्षा मोठे वाटू लागले; उलट ज्यांच्या कानी तेवढाच काळ मंद खरखर सोडली होती, त्यांची सहनशक्ती वाढली. श्रवणयंत्रणा आपल्या परिसरानुसार स्वतःची पातळी बदलते, असा याचा अर्थ आहे. प्रशिक्षणाची सारी आशा या एका गोष्टीवर उभी आहे.

क्रमाक्रमाने भय घालविण्याची रीत जुनीच आहे. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये सशाला भिणाऱ्या एका बालकापुढे, ते खाण्यात रमले असता, सशाचा पिंजरा थोडा थोडा जवळ आणीत नेला होता. संगणकाने येथे काय भर घातली? ससा जवळ आणण्याचे अंतर त्याने मोजता येण्याजोगे केले आणि पिंजऱ्याची दोरी बालकाच्या हाती दिली. आवाज कधी सुरू व्हावा, केव्हा थांबावा, हे बालक स्वतः ठरविते. अनपेक्षित आवाज आणि अपेक्षित आवाज यांत किती अंतर आहे, हे अशा मुलांबरोबर राहिलेल्यास सांगावे लागत नाही. इंग्लंडातील डॅनिएल जॉन्स्टन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला आभासी-वास्तवातील खेळ याच तत्त्वावर रचलेला होता. सहा स्वमग्न व्यक्तींनी तो आठवड्यातून एकदा, चार आठवडे खेळल्यावर त्रासदायक आवाजांविषयीची चिंता लक्षणीय प्रमाणात उतरली. सहा ही संख्या लहान आहे आणि तुलनेस दुसरा गट नव्हता, हे विसरता कामा नये.

अशा खेळाची पायरी ठरविताना एक तांत्रिक मोह टाळावा. श्रवणसीमा मोजण्यासाठी, दोन बरोबर उत्तरांनंतर कठीण पायरी आणि एका चुकीनंतर सोपी पायरी, असा नियम सर्रास वापरतात. त्यात यशाचे प्रमाण ७१ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. मोजमापास हे उत्तम. परंतु तोच नियम प्रशिक्षणास लावल्यास बालक दहापैकी तीन वेळा त्रस्त होत राहील आणि आठवड्याभरात संगणकालाच भिऊ लागेल! पायऱ्या त्याहून पुष्कळ सौम्य हव्यात. शिवाय हेडफोन बदलला की तीच ध्वनिफीत वेगळ्या तीव्रतेने वाजते. म्हणून ध्वनिमापकाने पडताळणी केल्याविना कोणत्याही पायरीचा आकडा अर्थपूर्ण ठरत नाही.

पुराव्याबाबत पूर्वेतिहास सावध करणारा आहे. गाय बेरार यांच्या श्रवण-समन्वय प्रशिक्षणाचा व तत्सम ध्वनिचिकित्सांचा कॉक्रेन संस्थेने २०११ मध्ये घेतलेला आढावा सात प्रयोगांतील १८२ व्यक्तींवर आधारलेला होता. त्यातून त्या पद्धतीस पुरेसा आधार मिळाला नाही. मर्झेनिच आणि टॅलल यांच्या १९९६ च्या प्रसिद्ध संशोधनातून निघालेल्या संगणकीय भाषा-प्रशिक्षणाचीही पुढील पद्धतशीर आढाव्यात निराशाच झाली. मूल खेळात प्रवीण होते. खेळाबाहेर काय होते, हा प्रश्न उरतो.

नाशिकमध्ये प्रयोग योजणाऱ्या विद्यार्थ्याने तर पंचांगच पुढ्यात घेऊन बसावे. पालक मदत मागावयास येतात ते बहुधा भाद्रपदात, मिरवणुकांच्या दिवसांत, जेव्हा बालकाचा त्रास शिगेस पोहोचलेला असतो. त्या वेळी पहिली नोंद केली आणि मार्गशीर्षात दुसरी, तर काहीही न करता सुधारणा दिसेल. त्याच काळात प्रतीक्षेत ठेवलेला गट नसेल तर श्रेय ऋतूचे की संगणकाचे, हे कळणार नाही. आणि अंतिम नोंद हेडफोनवर न घेता रस्त्यावर घ्यावी. ढोलाचा आवाज केवळ कानाने ऐकू येत नाही, छातीतही जाणवतो. तो कंप हेडफोन देऊ शकत नाही.

याच ठिकाणी एक मर्यादा घालणे अवश्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज प्रौढाने आठवड्यास ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित होय, आणि दर ३ डेसिबलच्या वाढीगणिक हा अवधी निम्मा होतो. पथकाच्या अगदी निकट असलेल्या बालकाने कान झाकले, तर ती अतिसंवेदनशीलता नसून शहाणपण होय. तेव्हा प्रशिक्षणाची वरची पायरी घरातील मिक्सर, शाळेची घंटा, बसचा भोंगा अशा नित्याच्या आवाजांपाशी थांबावी. भारत सरकारच्या २००० च्या नियमांनी निवासी विभागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही कमाल पातळी ठरविली आहे. तिच्या पालनाचा भार संगणकाद्वारे बालकाच्या कानांवर टाकणे हे मानसशास्त्राचे कार्य नव्हे.