काळ्या टी-शर्टवर फुटणारं खापर

पश्चिम फ्रान्समध्ये नाँत शहराजवळ, द्राक्षमळ्यांच्या मुलखात क्लिसाँ नावाचं लहानसं गाव आहे. २००६ पासून तिथं ‘हेलफेस्ट’ हा हेवी मेटल संगीताचा उघड्यावरचा महोत्सव जूनमध्ये भरतो. २०२२ साली तो नेमका उष्णतेच्या लाटेत सापडला. १८ जूनला देशाच्या नैर्ऋत्य टोकाला बियारित्समध्ये ४२.९ अंश सेल्सिअसची नोंद झाली. क्लिसाँ तिथून बरंच उत्तरेला, तरी तिथंही अंगाची लाही होत होती आणि मंचापुढं दाटीवाटीनं उभ्या असलेल्या काळ्या टी-शर्टवाल्यांवर पाण्याचे फवारे मारले जात होते. अशी दृश्यं पाहिली की एक ठरलेली प्रतिक्रिया उमटते: भर उन्हात काळे कपडे घालून, बिअर ढोसून, मुंडकी हलवत नाचायला यांना सांगितलं कुणी? म्हणजे कुणी ऊन लागून कोसळलं तर दोष संगीताचा, नशेचा आणि पेहरावाचा. या तिन्हींचा उष्माघाताशी काडीचाही संबंध नाही, असं म्हणता येणार नाही. पण मुख्य आरोपी ही तिन्ही नाहीत, आणि त्यांना पिंजऱ्यात उभं केलं की खरा आरोपी मागच्या दारानं निसटतो.

जिथं या तिन्हींपैकी काहीच नव्हतं, तिथं काय झालं ते आधी पाहू. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. समोर बसलेला लाखोंचा समुदाय श्रीसदस्यांचा, म्हणजे पुरस्कार स्वीकारणाऱ्या आध्यात्मिक गुरूंच्या अनुयायांचा; शिस्तीचा आणि व्यसनांपासून दूर राहणारा. कुणी नाचत नव्हतं. पारा ३८ अंशांच्या आसपास होता आणि लोक तासन् तास उघड्यावर बसून होते. ऊन लागून १४ जणांचा जीव गेला. त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला रिओ द जानेरोमध्ये टेलर स्विफ्टच्या कार्यक्रमात एक २३ वर्षांची तरुणी कोसळून मरण पावली. शवविच्छेदनानं बोट उष्णतेकडेच दाखवलं. त्या दिवशी शहरात ‘जाणवणारं तापमान’ ५९ अंशांवर गेलं होतं. आता मेटलच्या जवळचं उदाहरण घ्यायचं तर १९९९ च्या जुलैतला ‘वुडस्टॉक’. न्यूयॉर्क राज्यातल्या रोम गावी एका जुन्या हवाई तळावर तो भरला. पायाखाली डांबर आणि काँक्रीट, सावलीचा पत्ता नाही, पाण्याची बाटली ४ डॉलरला, फुकटच्या नळांपुढं लांबच लांब रांगा. मेटॅलिकाचं वादन चालू असताना गर्दीत कोसळलेल्या एका तरुणाचा उष्णतेनं मृत्यू झाला. शेवटच्या रात्री जाळपोळ झाली आणि लोकांच्या लक्षात राहिली ती तेवढीच. जाळपोळीचं समर्थन करायचं कारण नाही; पण आगीच्या ज्वाळांमुळं पाण्याच्या नळाकडं कुणाचं लक्ष गेलं नाही, हेही खरं. या तीन ठिकाणांत संगीत, वय, पेहराव, धर्मभावना यांतलं काहीही समान नाही. समान आहे तो उकाडा, दाटी आणि गरजेच्या वेळी पाण्यापर्यंत किंवा गारव्यापर्यंत पोचण्यातली अडचण.

याचं कारण शरीराच्या हिशेबात आहे. माणूस नुसता बसून असला तरी सुमारे १०० वॉट उष्णता तयार करतो. जोरात नाचताना हा आकडा ५००-६०० वॉटपर्यंत सहज चढतो. भोवतालची हवा त्वचेहून, म्हणजे साधारण ३५ अंशांहून गरम झाली की वारा अंगातली उष्णता नेण्याऐवजी उलट आणून देतो. मग भिस्त उरते ती फक्त घामावर. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर जवळपास २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. म्हणजे ६०० वॉटनं तापणाऱ्या शरीराला तासाला सुमारे ९०० मिलिलिटर घाम वाळवावा लागेल, आणि यात डोक्यावरच्या सूर्याची भर अजून धरलेलीच नाही. वाळवावा लागेल, नुसता गाळून भागणार नाही. टपकून जमिनीवर पडलेला घाम अंग गार करत नाही. आषाढात दोरीवरचे कपडे दिवस दिवस ओले राहतात, तसाच दमट हवेत घाम अंगावर राहतो. त्यात चारही बाजूंनी माणसं चिकटून उभी असली की वारा अडतो आणि प्रत्येक शेजारी म्हणजे आणखी एक शेगडी.

इथं एक आक्षेप रास्त आहे: मग मेटलच्या कार्यक्रमात धोका जास्तच, कारण तिथले लोक जास्त उसळतात. बरोबर, श्रमाची उष्णता जास्त. पण तो श्रमाचा परिणाम आहे, स्वभावाचा नव्हे. ‘मॉश पिट’ म्हणजे मंचापुढं एकमेकांवर आदळत नाचणाऱ्यांचा घोळका. तो पाहणाऱ्याला दंगल वाटतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी अशा कार्यक्रमांच्या चित्रफिती तपासून २०१३ साली ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये दाखवलं की या घोळक्यातल्या माणसांचे वेग वायूच्या रेणूंसारखे विखुरलेले असतात. कुणी कुणावर नेम धरत नाही. पडलेल्याला आधी उचलायचं, हा तिथला सर्वमान्य शिरस्ता आहे. शिवाय पिटला मोकळी जागा लागते आणि दमलेला माणूस कडेला निघू शकतो. उकाड्याच्या दृष्टीनं मला त्याहून वाईट जागा वाटते ती लोखंडी कठड्याला चिकटलेली पहिली रांग. आवडता बँड रात्री येणार म्हणून दुपारपासून अडवलेली जागा. ती सोडली तर परत मिळणार नाही, म्हणून पाण्याला जायचं नाही; लघवीला जावं लागेल, म्हणून जवळचं पाणीही प्यायचं नाही. ही माणसं नाचत नसतात, शांत उभी असतात, आणि तरीही एकेकाला कठड्यावरून उचलून पलीकडं घ्यावं लागतं.

आता काळा टी-शर्ट. काळं कापड जास्त उष्णता शोषतं हे शाळेत शिकवलेलं खोटं नाही, अर्धं आहे. वाळवंटातले बेडुइन काळे झगे का घालतात, या प्रश्नावर १९८० साली ‘नेचर’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काळ्या झग्याचं कापड पांढऱ्याहून जास्त तापलं, पण अंगापर्यंत पोचलेली उष्णता दोन्हींत सारखीच निघाली. सैल झग्यात खेळणारी हवा जादा उष्णता परस्पर बाहेर नेत होती. टी-शर्ट म्हणजे झगा नव्हे, असं कुणी म्हणेल, आणि अंगासरशी बसलेल्या टी-शर्टला ही सवलत पुरती मिळत नाही हे मान्य. तरी सैलसर, पातळ, सुती काळा टी-शर्ट घामानं भिजला की ओल्या कापडातून घाम वाळतच राहतो. खरा घोळ त्यावरच्या ‘बॅटल जॅकेट’चा. बाह्या कापलेलं जाड डेनिमचं जाकीट, त्यावर बँडांच्या नावांचे भरतकाम केलेले कापडी तुकडे कडेला कडा भिडवून शिवलेले, काहींना मागून प्लास्टिकचा थर. पाठीवरचा मोठा तुकडा तर एक जास्तीचं कापडच. त्यातून घामाची वाफ जायला वाव नाही. तो डगला पांढऱ्या डेनिमचा असता तरी फार फरक पडला नसता. दुपारी तो काढून कंबरेला बांधावा आणि डोक्यावर टोपी घालावी. टी-शर्टचा रंग बदलण्यापेक्षा हे पुष्कळ जास्त उपयोगाचं.

आपल्याकडं काळ्या कपड्यांना दोष देण्याच्या जोडीला एक भरवसाही असतो: गोऱ्यांना सोसत नाही, आपण उन्हातलीच माणसं. सराव ही गोष्ट खरी आहे. रोज तास-दीड तास उकाड्यात श्रम केले तर एक-दोन आठवड्यांत घाम लवकर आणि जास्त सुटू लागतो, त्यातलं मीठही कमी होतं. पण हा सराव जन्मानं मिळत नाही आणि मोडला की काही आठवड्यांत ओसरतो. एसी ऑफिसातून एसी गाडीत बसणाऱ्याच्या शरीराला विदर्भात जन्मल्याचा काही फायदा होत नाही. खारघरला गेलेल्यांत तर गावाकडून आलेले, उन्हाशी परिचय असलेले लोक कितीतरी होते. भारतीय हवामान विभाग मैदानी भागात ४० अंशांनंतर उष्णतेच्या लाटेचा विचार करतो, किनाऱ्यावर मात्र ३७ पासूनच; म्हणजे खारघरचे ३८ अंश किरकोळ नव्हते. सूर्य मावळला की धोका टळला, हाही असाच अर्धा समज. १७ मे २०२५ ला मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स अँड रोझेसचा कार्यक्रम झाला, मुंबईच्या ऐन उकाड्याच्या महिन्यात. या महिन्यात संध्याकाळी पारा थोडा उतरतो, पण हवेतला दमटपणा हटत नाही, आणि दिवसभर तापलेलं शरीर रात्रीची उसळी कोऱ्या पाटीवर सुरू करत नाही.

पिण्याच्या बाबतीत दोन्ही टोकांचे गैरसमज आहेत. उत्तर जर्मनीतल्या वाकेन गावाची वस्ती जेमतेम दोन हजार, पण तिथल्या मेटल महोत्सवाला ८० हजारांवर लोक येतात. २०१७ साली तिथं बिअरसाठी जमिनीखालून चक्क नळ टाकले गेले. बिअर थंड असते, पण ती पाण्याची जागा घेत नाही. मद्यानं लघवी वाढते. हलक्या बिअरच्या एखाद्या ग्लासानं फार बिघडत नाही, मात्र चार-पाच ग्लासांनंतर आपल्याला आता सावलीत बसायला हवं, हे कळण्याची अक्कलच आधी जाते. उलट टोक म्हणजे तहान असो-नसो, पाणी ढोसत राहणं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम सामान्य पातळीखाली उतरलं होतं, आणि त्याचा सर्वांत ठळक संबंध निघाला तो शर्यतीत वजन वाढण्याशी, म्हणजे जादा पाणी पिण्याशी. तहानेच्या तालानं पाणी, आणि बराच वेळ घाम गळत असेल तर सोबत मीठ: ताक, मीठ-साखर घातलेलं लिंबूसरबत, ओआरएस. खिशातला कांदा मात्र खिशातच राहतो. तो ऊन ओढून घेतो याला काही आधार नाही. कापून ताटात घ्यावा.

संगीताविषयीचा पूर्वग्रह प्रत्यक्ष जीव घेऊ शकतो तो यापुढच्या टप्प्यावर. उष्माघाताचं मुख्य लक्षण म्हणजे मेंदूचा गोंधळ: असंबद्ध बोलणं, झोकांड्या, चिडचिड, मग शुद्ध हरपणं. शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांवर गेलेलं असतं. महोत्सवात हे सगळं दारू चढल्यासारखंच दिसतं. ‘प्यायलाय, पडू दे’ म्हणून त्याला उन्हात सोडून देणं हा सगळ्यांत घातक निष्कर्ष. अंग कोरडं पडलं तरच उष्माघात, हा समजही इथं फसवतो. श्रमानं झालेल्या उष्माघातात माणूस घामानं निथळत असू शकतो. म्हणून शंका आली की उष्माघातच धरायचा. क्रोसिन देऊन उपयोग नाही, कारण हा ताप मेंदूनं वाढवून ठरवलेला नसतो, शरीर नुसतं तापत गेलेलं असतं. १०८ ला फोन करायचाच, पण रुग्णवाहिकेची वाट पाहत बसायचं नाही. सावलीत न्यायचं, जाकीट-बूट काढायचे, मिळेल तितक्या गार पाण्यानं सर्वांग भिजवून वारा घालायचा, शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. तापलेल्या अंगावर एकदम गार पाणी नको, ही घराघरांतली भीती इथं बाजूला ठेवावी लागते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये ऑगस्टमध्ये होणाऱ्या फॉलमथच्या शर्यतीत १८ वर्षांत उष्माघाताच्या २७४ रुग्णांना जागच्या जागी बर्फाच्या पाण्याच्या टबात बसवलं गेलं. सगळे वाचले.

असा टब प्रेक्षक पाठीवर घेऊन येणार नाही. तिकीट काढणारे सज्ञान असतात, त्यांनी स्वतःची काळजी घ्यावी, हा आयोजकांच्या बाजूनं येणारा युक्तिवाद तिथंच थांबतो. प्रवेशद्वारावर बाटल्या काढून घ्यायच्या, आत पाणी चढ्या भावानं विकायचं आणि मग शहाणपणाची जबाबदारी प्रेक्षकावर टाकायची, हे जमत नाही. भरलेली बाटली फेकून मारली जाते, ही सुरक्षेची अडचण खरी आहे. पण रिकामी, मऊ प्लास्टिकची बाटली आत येऊ दिली आणि मंचाजवळ फुकटचे नळ लावले की ती सुटते. रिओतल्या मृत्यूनंतर दुसऱ्याच दिवशी ब्राझीलच्या सरकारनं प्रेक्षकांना स्वतःचं पाणी आणू द्या आणि कडक उन्हात ते फुकटही पुरवा, असा आदेश काढला. महोत्सव परवडणार नाहीत, ही तक्रार असेल, तर सावलीचा मांडव, नळ आणि बर्फाचा टब यांचा खर्च मंचावरच्या दिव्यांच्या आणि आगीच्या खेळांच्या खर्चाशेजारी मांडून पाहावा. आणि काही दिवस असे असतात की त्या दिवशी कार्यक्रम करूच नये. हेलफेस्टवर फवारे चालू होते त्याच आठवड्यात, फ्रान्सच्याच जिरोंद जिल्ह्यात प्रशासनानं उघड्यावरचे सगळे सार्वजनिक कार्यक्रम बंद केले. त्या आदेशात कुठलं संगीत वाजणार, हा प्रश्न नव्हता. आणि वातानुकूलन नसलेल्या बंदिस्त सभागृहांनाही तो तसाच लागू होता.